वीतभर उंच

गाडीचं दार उघडलं की ते आधी पाठ फिरवायचे. पाठमोरे होऊन सीटवर टेकायचे, काठी मांडीवर आडवी घ्यायचे, उजवा पाय आत ओढायचे आणि मग डावा पाय पँटच्या घडीला धरून, दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचे. झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसा. दार लावून म्हणायचे, "चला, आमी दोघं बसलो. हाना आता."

दोघं म्हणजे ते आणि तो पाय. लहानपणीच पोलिओनं गेलेला.

आम्ही दोघं बीडच्या एकाच कॉलेजात. मी शिकवायचो, ते ग्रंथालयात लिपिक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नेकनूरच्या स्टँडवर ते सकाळी साडेनऊला उभे असायचे आणि जाता जाता मी त्यांना गाडीत घ्यायचो. अकरा वर्षं. त्याआधी ते एसटीनं यायचे. दारातला दांडा धरून स्वतःला हातांनी वर ओढायचे आणि मागची गर्दी ढकलत असायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत.

माझी गाडी म्हणजे पुण्याहून सेकंडहँड आणलेली लाल स्पोर्ट्स सेडान. पस्तिशीत माणसाला जी हौस येते, ती मी तिच्यावर भागवली होती. गाडी इतकी बुटकी की मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक शेजारी आला की खिडकीतून फक्त त्याचं चाक दिसायचं. अण्णांना त्याची मोठी गंमत. "सर, ह्या गाडीत बसलं की रस्त्यावरच्या मुंग्या बी राम राम घालतेत." बैलगाडी आडवी आली तर म्हणायचे, "बगा, बैल बी आपल्याला वरून बगायलाय."

पण त्या बुटकेपणामुळंच त्यांना तिच्यात बसता यायचं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. खोटं कशाला बोलू, लक्षात आलं तेव्हाही मी ते बाजूला सारलं. हे लिहितोय ते त्यासाठीच.

गाडी म्हातारी झाली. स्पीडब्रेकरवर पोट घासायची, सुटे भाग मिळेनात, उन्हाळ्यात एसी गरम हवा फेकायचा. त्यात आमच्या भागाची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवाबाहेर पांढऱ्या उंच गाड्यांची रांग आणि तिच्या टोकाला माझी लाल गाडी. मेव्हणा एकदा चारचौघांत म्हणाला, "दाजी, गाडी उभी केलीय का पुरलीय?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मला उंच गाडी हवी होती.

अण्णांना घेऊन मी गाड्या बघायला निघालो. त्यांना वस्तूची पारख होती आणि छापलेलं सगळं वाचायची सवय. शोरूमचं माहितीपत्रक ते घरी नेऊन पुस्तकासारखं वाचायचे. "सर, हिचं मायलेज लिवलंय तेवढं न्हाई यायचं. खाली बारीक अक्षरात कबूल केलंय बगा."

पहिल्या शोरूममध्ये एक सेडान होती, आमच्या जुन्या गाडीच्याच ठेवणीची. विक्रेता मला इंजिनाबद्दल सांगत होता. अण्णांनी पलीकडचं दार उघडलं आणि काठी सीटला लावून उभी धरली. काठीवर एका जागी निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पूर्वी ती नव्हती. पट्टी सीटच्या कडेशी बरोबर जुळली. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही बी बरी हाय, सर."

"पण अण्णा, ही पण घासणार."

"घासंल की," ते म्हणाले. "तुमचं बरोबर हाय."

दुसऱ्या शोरूममध्ये ती पांढरी उंच गाडी उभी होती. अण्णांनी पुन्हा दार उघडलं, पुन्हा काठी लावली. सीट निळ्या पट्टीच्या वीतभर वर होती. मी दोन पावलांवर होतो. मी पाहिलं आणि मला कळलं, पट्टी म्हणजे आमच्या जुन्या गाडीच्या सीटची उंची. त्याच वेळी अण्णांनी मान वळवली. मी बघतोय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी मूठ खाली सरकवून पट्टी झाकली.

"हीच घ्या सर," ते म्हणाले. "लई रुबाब हाय हिचा."

एक शब्द मी बोलायला हवा होता. तुम्ही म्हणाल, मग बोललात का नाही? मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. त्यांनीच तर सांगितलं, घ्या म्हणून.

जुनी गाडी बदल्यात दिली. नवी घरी आली, हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी साडेनऊला नेकनूरच्या स्टँडवर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. पाठ फिरवून टेकायला गेले तर सीट पार कमरेशी. मग तोंड आत करून चढायचा प्रयत्न केला. चढायचं तर एक पाय खाली रोवायचा आणि दुसरा वर टाकायचा. त्यांच्याकडे दोन्ही कामांना मिळून एकच पाय. मी उतरून त्यांना काखेत धरलं. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "अय, पोतं चढवायलेत काय बे?"

अण्णांनी हळूच माझे हात सोडवले. "ऱ्हाऊ द्या सर. तुमाला उशीर होतोय. मी एसटीनं येतो आज."

आणि मी गेलो. माझा पहिला तास होता.

पुढच्या आठवड्यात मी गाडीला पायरी बसवून घेतली. अरुंद होती, काठी टेकेना. मग प्लास्टिकचं स्टूल आणलं. मी उतरायचं, स्टूल मांडायचं, त्यांना हात द्यायचा, स्टूल उचलून मागं टाकायचं. तीन दिवस जमलं. पण टपरीवरची माणसं रोज वाढत होती, आणि तिन्ही दिवस अण्णांनी ‘आमी दोघं बसलो’ न म्हणताच दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "सर, मला शेअरिंगची जीप मिळालीय. लई सोयीची हाय. तुमी नका थांबू आता."

जीप नव्हती. ते सहाच्या एसटीनं येत होते, गर्दी नसते म्हणून, आणि कॉलेज उघडेपर्यंत तीन तास पायऱ्यांवर बसत होते. हे मला शिपायानं सांगितलं. मी जुनी गाडी परत मिळते का बघायला गेलो. तिचे भाग सुटे करून विकले होते. अण्णांना भेटून म्हटलं, उद्यापासून परत माझ्याबरोबर या. म्हणाले, "कावून? माझं चाललंय की बेस." नव्या गाडीचे हप्ते चालू होते, दुसरी घेणं माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. मग पावसाळ्यात ते एसटीतून उतरताना घसरले. फार लागलं नाही, पण महिनाभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. नोकरीची चार वर्षं बाकी होती. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वाचनाबद्दल बोललो.

मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेली होती. ते धर्मापुरीला बहिणीकडं राहायला गेले.

यंदा मी त्यांना भेटायला गेलो. वाटेत तीन वेळा मनात वाक्य जुळवलं होतं. ते ओट्यावर बसले होते, मांडीवर पेपर. बहिणीनं चहा दिला. त्यांनी गावातल्या देवळाचं सांगितलं, भाच्याच्या नोकरीचं सांगितलं, ग्रंथालयात आता कोण आहे ते विचारलं. मी म्हणालो, "अण्णा, तेव्हा शोरूममध्ये मी..."

"आवो चहा घ्या, निवायलाय," ते म्हणाले. आणि पुन्हा भाच्याचं सांगू लागले.

निघताना ते गल्लीपर्यंत आले. गल्ली अरुंद, गाडी वळेना, मागंच घ्यावी लागणार होती. उंच गाडीच्या काचेतून मागचं काही दिसत नाही. अण्णा मागं जाऊन उभे राहिले. "येऊ द्या सर! येऊ द्या!"

मी रिव्हर्स टाकला. समोरच्या छोट्या पडद्यावर कॅमेऱ्यात ते दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं बोलावत होते, आणि गाडी मागं येईल तसे पाय ओढत मागं मागं सरकत होते. गाडीतून सारखं पीं पीं वाजत होतं. रस्त्यावर येऊन गाडी सरळ झाल्यावर त्यांनी तळवा वर केला. "बास! आता जावा सरळ."

मी पहिला गिअर टाकला. पडद्यावर अण्णांच्या जागी गाण्यांची यादी आली.