आधारकार्डांचा तो रविवार

दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात दिलीपदादांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले हो..." एवढंच बोलल्या. मी पायरीवरच बसले. सांगायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हेच, की ऐन लग्नसराईत आता माझी वेबसाइट कोण बघणार! दिलीपदादांना हे कळलं असतं तर पोट धरून हसले असते.

कामतघरला माझं नवरीचे शालू, नऊवारी आणि दागिने भाड्याने द्यायचं छोटं दुकान आहे. दिलीपदादा आमच्याच चाळीतले, उमेदीची सारी वर्षं कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, फिटर म्हणून गेलेली. लूम बंद पडायला लागले तसा पन्नाशीतला हा माणूस मोबाईलवर बघून बघून वेबसाइट बनवायला शिकला. लोकांनी टिंगल केली, त्यात मीही होते. "दादा, आता कॉम्प्युटरला तेल घालणार का?" असं विचारलं होतं मी. त्यांनी उत्तरादाखल माझ्याच दुकानाची वेबसाइट बनवली. आसपासच्या कशेळी-काल्हेरच्या मुली घरबसल्या शालू पसंत करू लागल्या आणि माझं तोंड बंद झालं.

पुढचा घोळ मात्र मीच घातला. माल परत येईल याची खात्री म्हणून आम्ही आधारकार्डाचा फोटो घ्यायचो. मोबाईल भरला, तेव्हा ते सगळे फोटो मी हौसेने वेबसाइटवर चढवले, एका जागी राहतील म्हणून. एका रविवारी सकाळी दादा आले, "जयभीम ताई" म्हणाले आणि स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरला. पासवर्ड नाही, काही नाही, आणि पडद्यावर कशेळीच्या एका नवरीचं आधारकार्ड... फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता. "सगळ्यांची अशीच दिसतायत. कोणालापण." मी म्हटलं, "आपल्या एवढ्याशा दुकानात कोण बघायला बसलंय?" दादा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "ताई, पोरींचे पत्ते हायेत ते!"

फोटो त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकले. मग म्हणाले, "आता एकेकीला फोन करून सांगा." माझा पारा चढला. आपल्याच हाताने दुकानाची अब्रू घालवायची? "सांगितलं तर परत कोणी पायरी चढणार नाही," मी म्हटलं. "मग मी सांगतो," म्हणाले आणि बुकिंगची वही ओढून बसले. जेवायलाही उठले नाहीत. प्रत्येक फोनवर तेच... चूक आमची झाली, कार्ड काढून टाकलंय, कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. चूक माझी होती आणि ते 'आमची' म्हणत होते. कशेळीच्या त्या नवरीची आई इतकं बोलली, की मला समोर बसून ऐकू येत होतं. दादा "बरोबर हाय तुमचं" एवढंच म्हणत राहिले. शेवटी माझीच मला लाज वाटली. उरलेले फोन मी केले. आणि नवल म्हणजे ती कशेळीची बाई पुढच्या वर्षी धाकटीच्या शालूसाठी आमच्याकडेच आली.

मग दादांचं पोटाचं दुखणं निघालं. ते दुकानात येऊन नुसते बसायचे आणि वेबसाइटचं प्रत्येक काम मलाच करायला लावायचे. मी वैतागायचे. "दादा, तुम्हीच करा ना, तुम्हाला दोन मिनिटं लागतात." ते हसायचे आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायचे.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा एकटी बसले. वेबसाइट आतून कोण उघडू शकतं, ती यादी काढली. त्यात फक्त माझं नाव होतं. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा पाहिलं. खाली नोंद होती, दादांचं नाव खुद्द दादांनीच काढलं होतं.

वहिनींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलात, दुपारी. हाताला सलाईन, मोबाईल धरवत न्हवता, मीच धरला, तेव्हा यांनी आपलं नाव काढलं. मी रागावले तर म्हणाले, 'माझ्या मागे हा मोबाईल कुणाच्या हाती जाईल, काय सांगावं? यातून वेबसाइट उघडते, त्या पोरींचे नंबर हायेत आतमध्ये.'"

मी वहिनींचा हात धरून बसून राहिले. ज्या मुलींना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नाही, त्यांच्यासाठी हा माणूस मरायच्या आधी स्वतःलाच बाहेर काढून, दार लावून गेला होता.