ताईचा डिव्हिडंड

तेल आणि वायूची कंपनी म्हटली की लोकांना उंच इमारती आणि काचेचे दरवाजे आठवतात. ही कंपनी मात्र पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत मावत होती. भिंतीवर तेलविहिरींचा नकाशा होता. हिरवी टाचणी म्हणजे चालू विहीर, काळी म्हणजे आटलेली. काळ्या टाचण्या संपल्या तेव्हा शिपायानं नव्या न मागवता हिरव्यांनाच शाई फासली. कंपनी कशी चालली होती ते एवढ्यावरून कळावं.

त्या नकाशाखाली बसून एक कारकून भागधारकांचे फोन घ्यायचा. सगळं आयुष्य त्यानं एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात घालवलं होतं: "यंदा डिव्हिडंड किती?" उत्तर सोपं असायचं, कारण कंपनी काढणाऱ्या म्हाताऱ्या मालकांचं धोरणच तसं होतं. तेलाचा भाव चढो नाहीतर पडो, शेअरमागे ठरलेली रक्कम द्यायची म्हणजे द्यायची. पुढे मालक गेले, विहिरी आटल्या आणि पुतण्या खुर्चीवर बसला. त्यानं डिव्हिडंड आधी निम्म्यावर आणला, मग पाव केला. आणि या सोमवारी कारकुनाकडूनच पत्र टाइप करून घेतलं: "दीर्घकालीन मूल्यवृद्धी लक्षात घेऊन लाभांश धोरणाचा फेरविचार करण्यात आला आहे." यंदा काही मिळणार नाही, हे सांगायला किती शब्द लागतात पाहा. असेल तो पैसा नव्या विहिरीच्या खोदाईत जाणार होता.

दिवसभर फोन खणखणले. लोक चिडले, काही रडले. कारकून "हो साहेब, समजतं बाई" म्हणत राहिला. पण त्याचा जीव टांगणीला लागला होता तो ज्या एका भागधारकाचा फोन येणार नव्हता तिच्यापायी. ती म्हणजे त्याची थोरली बहीण.

वडील याच विहिरींवर कामाला होते. त्यांच्या वाट्याचे शेअर ताईच्या नावावर झाले होते, आणि नवरा गेल्यावर तिचं घर त्यावरच चाललं होतं. तिचं बँकेचं काम कारकूनच बघायचा आणि पैसे पाकिटात घालून हातात नेऊन द्यायचा. डिव्हिडंड पहिल्यांदा निम्मा झाला त्या वर्षी त्याला ताईपुढे तोंड उघडवलं नाही. उरलेली रक्कम त्यानं आपल्या पगारातून घातली. एकच वर्ष, असं स्वतःला बजावून. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. या माणसानं ते वर्षानुवर्षं आणलं, आणि आता तो थकून गेला होता. निवृत्ती तोंडावर आली होती. आज ताईला सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून तो निघाला. पण खिशात नेहमीचं पाकीट होतंच. धीर झाला नाही तर असावं, म्हणून.

ताईनं दार उघडलं ती खुशीतच.

"बरं झालं आलास. तुला एक गंमत सांगायचीय. खालच्या शिवणवाल्या बाई आहेत ना, त्यांचे शेअर मी घेतले. सगळे."

कारकून उभा होता तो खाली बसला. "कशानं घेतलेस?"

"ठेव मोडली बँकेतली, या वेळी मीच गेले. अरे, बाई म्हणत होत्या, कंपनी बुडत चाललीय, पैसे अर्धेसुद्धा येत नाहीत. मी म्हटलं, माझ्या हातात तर पूर्ण येतात. त्यांना वाटलं, भाऊ तिथे आहे म्हणून मला वेगळा भाव." ताई हसली. "मातीमोल भावानं देत होत्या."

"कंपनीची पत्रं येतात ना तुला?"

"येतात की. डब्याखाली ठेवलीत. तू तिथे असताना मी ती कशाला वाचू?"

वाढलेल्या शेअरांना कारकुनाच्या खिशातलं पाकीट आता पुरणारही नव्हतं. त्यानं ते काढून टेबलावर ठेवलं आणि खाली बघत सगळं सांगितलं: निम्मा, पाव, यंदा शून्य, आणि असेल तो पैसा नव्या विहिरीच्या खोदाईत. सांगताना रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण फक्त झोप यावी तसं झालं.

ताईनं पाकिटाला हात लावला नाही. मग म्हणाली, "नव्या विहिरीत तेल लागलं तर?"

"तर मिळेल."

"लागेल?"

"माहीत नाही, ताई."

भागधारकाला असं उत्तर त्यानं जन्मात कधी दिलं नव्हतं.

"ठेव गेली माझी," ताई म्हणाली. "तू तोंड उघडलं असतंस तर चार घरी स्वयंपाक केला असता मी. लाज नव्हती वाटली मला." तिचा राग चढला आणि तसाच ओसरला. तिनं पाकिटाकडे पाहिलं. "तुझ्या बायकोला माहीत होतं?"

"होतं. पहिल्यापासून."

"मागच्या महिन्यात आली होती. तेच विटलेलं स्वेटर घालून. मी तिला बोलले, नवरा तेलाच्या कंपनीत, आणि तू एवढी कशी गं चिकट? पैसे काय वर घेऊन जाणार आहेस?"

"मग?"

"काही नाही. हसली, आणि माझी भाजी निवडून देऊन गेली."

कारकुनाला हे ठाऊक नव्हतं. बायको घरी येऊन एका शब्दानं बोलली नव्हती. ताईनं पायात चपला सरकवल्या आणि पाकीट उचललं.

"कुठे निघालीस?"

"तुझ्या घरी," ताई म्हणाली. "हे तिचं आहे. तिच्या हातात मी देणार, आणि तिथे तू मधे बोलायचं नाहीस."