मुक्कामाचा दगड

धावली माही नात, पण किस्से सारे माह्या पदरात पडले. पॅसेंजर गाडीसारखं असते हे. जेवढी हळू चालते, तेवढी जास्त माणसं चढतात. आमची गाडी तर नातीच्या मागं मागं, तिच्या पावलानं चालत होती. मंग काय, किस्से दाराले लटकून आले!

नातीचं नाव मिनू. माहं माहेर चिखलदऱ्याकडचं, सासर रायपूरचं. मी नवरी होऊन रेल्वेनं आली, डोक्यावर पदर, खिडकीबाहेर पाहायची सोय नाही. मिनू म्हणे, "आजी, आपके मायके से ससुराल तक मैं दौड़के आऊँगी. जंगल-जंगल." नियम एकच. गाडीत बसून एक पाऊलही पुढं सरकायचं नाही. मी म्हटलं, "मंग मीही येते. तो रस्ता माहा पाहायचा राहिला आहे." गाडीत आम्ही तिघं. मी, माहा लेक विलास म्हणजे मिनूचा बाप, आन् गाडी चालवणारा खिलावन भैया.

*

जंगलातून असं धावण्याले म्हणे 'ट्रेल रन' म्हणतात. मी निघायच्या आधी सगळ्या नातेवाइकांले सांगून ठेवलं, पोट्टी 'रेल रन' करून राहिली. आमचं सारं खानदान रेल्वेतलं! फोनावर फोन.

यांच्यासोबत नोकरीले होते ते एक भाऊजी तर रोज सकाळी हजर. "विलास, तिले सांग, गाडी येते तिकडं तोंड करून धाव. मागून आली तर पत्ता लागत नाही!"

शेवटी विलास वैतागला. "काकाजी, ती रुळावर नाही, जंगलात आहे!"

तिकडून भाऊजी घाबरून, "अरे बाप्पा! रुळावरून उतरली कधी?"

*

कवर्ध्याच्या अलीकडं एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एका बाईनं आम्हाले पाणी देल्लं, खाटेवर बसवलं. निघताना मी म्हटलं, "येते बरं बाई." आपल्यात जाते म्हणत नाही न! तिले मराठी कळेना, म्हणून हिंदीत सांगतलं, "आती हूँ."

दुपारी पुढच्या गावात आम्ही झाडाखाली टेकलो, तर एक माणूस फटफटीवर धुरळा उडवत आला. त्या बाईचा नवरा! हातात डबा.

"दाई, तैं आवत हौं कहिके आगेस, भात जुड़ावत हे!" म्हणजे, येते म्हणून निघून आलीस, तिकडं भात थंडा होऊन राहिला!

डब्यात भात आन् लाल भाजी. मिनूनं पोटभर खाल्लं. त्या दिवसापासून खिलावन भैया प्रत्येक गाव सोडताना मले आठवण करून देई, "दाई, सबको 'आती हूँ' बोल दिया न?"

*

संध्याकाळी मिनू जिथं थांबे, तिथं मी रस्त्याच्या कडेले एक दगड ठेवून त्याले कुंकू लावत होती. झोपाले गावात गेलो तरी सकाळी नेमकं तिथूनच निघायचं, असा तिचा हिशोब.

एका सकाळी पाहतो तर दगडावर फुलं, बाजूले फुटलेला नारळ, उदबत्ती आन् हात जोडून दोन बाया! मिनूनं सवयीनं दगडावर पाय ठेवला, लेस बांधाले. एक बाई अशी ओरडली, "ए नोनी! पनही उतार!" पोट्टीनं मुकाट्यानं बूट काढले आन् अनवाणी प्रदक्षिणा घातली.

बाई मले कौतुकानं सांगे, "रातेच परगट होए हे!"

मी म्हटलं, "रात में नहीं बाई, शाम को."

विलासनं मले हाताले धरून गाडीत कोंबलं.

*

बेमेतऱ्याजवळ शेताच्या धुऱ्यावरून मिनूचा पाय घसरला. घोटा वांग्यासारखा सुजला. घर इतकं जवळ आलं आन् हे! ती झाडाखाली पडली होती. मले म्हणे, "आजी, बैग में जेल है, लगा दो."

बॅगेत जेलचं पाकीट सापडलं. मी चांगलं चोळून देल्लं. थोडं चिपचिप वाटलं, पण म्हटलं आजकालचं औषध असंच असन. पोट्टीचा डोळा लागला.

घडीभरानं किंचाळत उठली! घोट्यावर मुंग्यांची ही रांग! ते जेल धावताना खायचं होतं, गोड. लावायचं वेगळं होतं.

विलास म्हणे, "आई, पाकिटावर लिहिलेलं होतं न!"

मी म्हटलं, "मले वाचता येत नाही रे. पण मुंग्यांले येते!"

*

लंगडत लंगडत मिनू रायपूरच्या वेशीवर, भनपुरीपर्यंत आली. चारही बाजूले ट्रक. तिथं घोट्यानं जवाबच देल्ला.

विलास म्हणे, "बस आता गाडीत. चौबे कॉलोनी, आपलं घर, आलंच आहे. कोण पाहून राहिलं?"

"मैं देख रही हूँ न, पप्पा," मिनू म्हणे, आन् रडाले लागली.

मी म्हटलं, "डॉक्टरकडं गाडीतून जा आन् इथंच परत ये. नियम मोडत नाही. दगड मी ठेवते."

दगड ठेवला, तर एका ड्रायव्हरनं उचलून ट्रकच्या चाकाखाली लावला. दुसरा ठेवला, तोही गेला! भनपुरीत दगड जमिनीवर टिकतच नाही. मंग मी गाडीतला स्टूल काढला. "मीच बसते. मले कोणी चाकाखाली लावत नाही."

मिनूले रडता रडता हसू आलं. तिनं डबी काढली आन् माह्या कपाळाले कुंकू लावलं. हे गेल्यापासून मी लावत नाही. पण पोट्टीच्या बोटाले नाही कसं म्हणू?

"आजी, आती हूँ."

"ये."

बसली. ऊन कलतं झालं. डॉक्टरनं नाही म्हटलं तर, हेच मनात. तिकडं एका नव्या ट्रकची पूजा सुरू होती. त्याचा ड्रायव्हर जवळ आला. "माताजी, यहाँ धूल में काहे बैठी हो?"

"उठ नहीं सकती बेटा. जगह छूट जाएगी."

त्यानं माह्या कपाळाचं कुंकू पाह्यलं आन् हात जोडले. गेला, ट्रकचा हार काढून आणला आन् माह्या गळ्यात घातला. मांडीवर नारळ ठेवला. त्याले पाहून दुसरा आला. मंग तिसरा. मी नाही नाही म्हणतच राहिली!

तेवढ्यात मिनू आली, पायाले पट्टी. डॉक्टर म्हणे, धावणं बंद, हळू चालायचं असन तर चाल. ती गर्दीतून घुसाले लागली तर एक जण ओरडला, "ए बहन, लाइन में!"

मी स्टूल उचलला. मिनूनं बरोबर तिथं पाय ठेवला आन् चालाले लागली. मागं गाडी, गाडीत मी, गळ्यात हार.

चौबे कॉलोनीत दिवे लागले होते. मिनू फाटकाले धरून उभी राहिली. वाकली, उंबरठ्याले हात लावला आन् खालीच बसली.

शेजारी नवीन राहाले आलेली दीदी हार घेऊन धावत आली. कोणीतरी दूरवरून धावत येऊन राहिलं, एवढंच तिनं ऐकलं होतं. तिनं धुळीत बसलेल्या पोट्टीकडं पाह्यलं. मंग गाडीतून उतरणाऱ्या माह्याकडं पाह्यलं. कुंकू, हार, नारळ.

दुसराही हार माह्याच गळ्यात! "दादी, इस उमर में! इतनी दूर से दौड़के?"

मी मिनूकडं पाह्यलं. तिनं तोंडावर हात दाबून हो अशी मान हलवली.

मी म्हटलं, "हव."