चिंच दिसेना

आमचे हिम्मतरावकाका मलकपेठेतून सायकलीने विमानतळावर जायचे आणि हवामानाची नोंद ठेवायचे. माळावरची मोठी चिंच दिसली, तरच ते उड्डाणाला होकार द्यायचे.

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात दाट धुक्यात उतरणारं एक छोटं मालवाहू विमान त्याच चिंचेला धडकलं. वैमानिक कसाबसा वाचला.

महिन्याने पुन्हा धुकं पडलं. चिंच दिसेना, म्हणून काकांनी त्याच वैमानिकाचं टपालाचं विमान अडवून धरलं. दोन तासांनी लख्ख ऊन पडलं, तरी चिंच नाहीच! आदल्याच दिवशी, काकांच्या सुट्टीत, विमानतळाच्या साहेबांनी ती तोडून टाकली होती.

वैमानिक पोट धरधरून हसला. काका फणकारले, "हौ, चुकलो! पण हसायला तुम्ही जिवंत आहात ना?"