लहान पुढे, मोठे मागे

खरं तर हे सांगायचं नव्हतं. "लॅबमधलं लॅबमध्येच राहू द्या," असं शेंडे सरांनी बजावलंय. पण आमच्या पोंभुर्ण्याच्या शाळेतल्या त्या एकुलत्या कॉम्प्युटरचे किस्से इतके साचलेत की पोटात मावेनात!

शेंडे सर मुळात पी.टी.चे. कॉम्प्युटरचे सर बदलून गेले आणि लॅब यांच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवून बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, म्हणून आता रोज वाजवतात!

*

मला चारचौघांत गाता येत नाही. म्हणून गॅदरिंगच्या नाचाचं गाणं मी रिकाम्या लॅबमध्ये रेकॉर्ड केलं. माझी मैत्रीण रोशनी त्यावर नाचणार होती. मग लाइट गेली, आली, कॉम्प्युटर परत सुरू केला, तर 'गाणी' फोल्डर रिकामं!

"सर, गाणे कुठी गेले?" रोशनीनं विचारलं.

"आहेत. फक्त दिसत नाहीत," सर शांतपणे म्हणाले.

रोशनी माझ्याकडे वळली. "मंग तूच गायजो स्टेजवर, कोमल!"

मी सरांच्या मागे लपले.

*

सरांनी डिस्कवरचा 'गाणी' कप्पा हातानं जोडून दिला की गाणी यायची. कॉम्प्युटर बंद झाला की पुन्हा गायब. म्हणून शिपाई मंदाबाईंनी बटणालाच हळदकुंकू लावलं. "आता कोण बंद करते तं पाहातो!"

कोणी केलं नाही. हेडसर तर नमस्कार करून गेले!

*

पण लाइट जायची ती जायचीच. शेवटी सरांनी कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेली एक फाईल मी नीट पाहिली. सुरू होताना डिस्कचे कप्पे कोणत्या क्रमानं जोडायचे, ते तिच्यात असतं. 'गाणी' हा लहान कप्पा मोठ्या 'शाळा' कप्प्याच्या आत बसतो, म्हणजे मोठा आधी हवा. सरांनी लहान आधी लिहिला होता. मागून मोठा यायचा आणि त्याला झाकून टाकायचा!

मी रोशनीच्या कानात सांगितलं. रोशनी ओरडली, "सर, लहान पुढे काऊन घेतला?"

"मग? प्रार्थनेला कसे उभे राहता? लहान पुढे, मोठे मागे!"

*

चूक पटल्यावर सर असे पेटले की रंगीत तालमीत नाचाची रांगही त्यांनी उलटी लावली. उंच रोशनी पुढे, पहिलीतल्या पोरी मागे.

"माही पोरगी कुठी गेली?" एक आई ओरडली.

सर माईकवर म्हणाले, "आहे. फक्त दिसत नाही!"

*

आज गॅदरिंग. मी पडद्यामागे कॉम्प्युटरजवळ बसून हे लिहितेय. रोशनीचा नाच ऐन रंगात असताना लाइट गेली, आत्ताच आली. सरांनी शिट्टी वाजवली. कॉम्प्युटर सुरू होतोय. घाबरायचं काही कारण नाही. काल सरांनी त्या दोन ओळींची अदलाबदल केली, हे मी स्वतः पाहिलंय. फक्त त्यानंतर त्यांनी फाईल सेव्ह केली का, ते मला

"कोमल! माईक घे वं, लवकर!"