धाडच्या बाजारात माझा ताबा सुटला

ज्या वर्षी मी जिंकलो, त्याच वर्षी मी शर्यत सोडली. एवढी साधी गोष्ट मला आमच्या धाड गावात एकाही माणसाला पटवता आलेली नाही.

माझा धंदा आधी सांगतो, कारण तोही तिथे कुणाला नीट पटलेला नव्हता. मी लांब पल्ल्याच्या मोटार रॅलीत गाडी चालवत असे. म्हणजे वाळवंटातून, काटवनातून, नद्यांच्या कोरड्या पात्रांतून दिवसचे दिवस गाडी पळवायची. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो जिंकला. शेजारी नॅव्हिगेटर बसतो, तो पुढचा रस्ता वाचून सांगतो. डावीकडे खड्डा, उजवीकडे उतार, पुढे दगड. कमरेची हाडं खिळखिळी होतात, नाकातोंडात माती जाते, आणि शेवटी एक कप मिळतो. त्यात चहासुद्धा पिता येत नाही. मी पहिल्यांदा रॅली करून आलो तेव्हा बसस्टँडवरच्या चहावाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जिथून निघाले तिथंच वापस आले?"

"हाव."

"मंग गेले कायले होते?"

पंचवीसेक वर्षांत यावर मला चांगलं उत्तर सुचलं नाही. गाडी चालवायला मी शिकलो तो खामगावच्या जिनिंगला कापूस नेणाऱ्या ट्रकवर. तिथून एका गॅरेजवाल्याच्या ओळखीने रॅलीत शिरलो. आधी मागे राहिलो, मग मधे राहिलो, आणि पन्नाशी ओलांडल्यावर, जेव्हा माझ्या बरोबरीचे लोक गुडघ्याला तेल चोळत बसले होते, तेव्हा सगळ्यांच्या पुढे गेलो.

त्या शेवटच्या रॅलीत अखेरच्या दिवशी आमची आघाडी चांगली होती. मी गाडी आणून उभी केली. लोकांनी खांद्यावर घेतलं. नॅव्हिगेटर माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "ती नदी तुम्ही काय काढली! मी तर डोळे मिटून घेतले होते."

मी विचारलं, "कोणती नदी?"

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. मला नदी आठवत नव्हती. त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. हात फिरत होते, पाय दाबत होते, आणि मी स्वतः कुठेतरी दुसरीकडेच होतो. गाडी माझ्याशिवाय जिंकून आली होती. अंगावर हार पडत असताना मला घाम फुटला तो त्यामुळे. ज्या दिवशी हातांची एकदा चूक होईल, त्या दिवशी ती दुरुस्त करायला आत कुणी नसेल. आणि शेजारी बसलेल्या त्या पोराचं नुकतंच लग्न झालेलं. तिथल्या तिथे मी माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं की ही माझी शेवटची रॅली.

गावी आलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती आणि कारणंही पोचली होती. कटिंगवाल्याकडे माझी शुगर वाढलेली होती. मेडिकलवाल्याकडे मणका सरकला होता. माझ्या चुलतभावाने, जो माझ्याशी गेली काही वर्षं फक्त बांधावरून बोलतो, घरी येऊन अगदी मायेने विचारलं, "मूळव्याध हाय म्हणते लोकं. बसून बसून होतेच." मी त्याला नदीची हकिकत खरी खरी सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि बाहेर जाऊन सांगितलं की डोक्यावर परिणाम झाला आहे.

बायकोला मात्र वेगळीच काळजी होती. तिने दोन दिवस मला घरात इकडून तिकडे फिरताना पाहिलं आणि विचारलं, "अहो, सोडलं ते ठीक. पण आता तुम्ही रोजच घरी राह्यणार काय?"

मग एक दिवस तिचे मामा आले. या मामांना सारा तालुका 'साहेब' म्हणतो. ते आमच्याकडच्या एका सहकारी संस्थेचे अध्यक्ष आहेत. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून आहेत. दरम्यान त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, एका कानाला यंत्र लागलं, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले, पण खुर्ची काही निघाली नाही. दर निवडणुकीच्या आधी ते जाहीर करतात की आता नव्या लोकांनी पुढे यावं. मग नवे लोक पुढे येतात, साहेबांच्या घरी जातात आणि आपणच पुन्हा उभे राहा म्हणून त्यांच्या पाया पडतात. जो पडत नाही तो पुढच्या वेळी नवा राहत नाही, जुना होतो आणि विस्मरणात जातो.

साहेबांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जवाईबापू, हे काय आयकून राह्यलो मी? तुम्ही काऊन सोडली?"

"जिंकलो मामा. बास झालं म्हटलं."

"जिंकणारा माणूस सोडते काय कधी? हरणारा सोडते."

"हरणाऱ्याला लोक काढतात, मामा. सोडायची संधी फक्त जिंकणाऱ्यालाच असते."

त्यांनी कानाचं यंत्र जरा दाबलं. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते कळलं नाही. "ठीक हाय," ते म्हणाले, "तुमचा सत्कार ठेवू. बाजाराच्या दिवशी. लोकं आयतेच असते."

सत्काराला मांडव घातला होता. मागच्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो दारासारखा उंच होता आणि माझा कोपऱ्यात, स्टँपाएवढा. संचालक मंडळातल्या सगळ्यांनी भाषणं केली. सगळ्यांचा विषय एकच, योग्य वेळी थांबण्याचं मोठेपण. एकेक जण उठायचा, साहेबांकडे बघून हात जोडायचा आणि थांबावं कसं यावर थांबता थांबायचा नाही. शेवटी साहेब स्वतः उभे राहिले. "माणसाले कुठं थांबावं हे समजलं पाहिजे," अशी त्यांनी सुरुवात केली. मग ते संस्थेच्या स्थापनेवर गेले, तिथून धरणावर, धरणावरून स्वतःच्या ऑपरेशनवर. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी कंटाळून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेबांना वाटलं रंग भरतोय. ते पुन्हा स्थापनेवर आले.

मला बोलायला वेळ उरला नाही. मी फक्त आभार मानले.

त्यानंतर मिरवणूक. उघडी जीप सजवून उभी होती. गावातल्याच एका वऱ्हाडं नेणाऱ्या माणसाची होती ती, आणि तो स्वतःच ड्रायव्हर म्हणून स्टिअरिंगवर बसला होता. मी मागे चढायला लागलो, तेवढ्यात साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर. आज गाडी मी चालवतो. एवढ्या मोठ्या ड्रायव्हरले शेजारी बसवून."

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. जीपवाला उतरला, पण त्याने बॉनेट सोडलं नाही. तो हळूच मला म्हणाला, "भाऊ, साहेबानं गाडी कधी चालवली होती शेवटची?" मला माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "अँबेसेडर होती ना, तवा."

मी शेजारी बसलो. आयुष्यभर कुणीतरी माझ्या शेजारी बसून खड्डे सांगत आलं होतं. त्या दिवशी ते काम मी केलं, आणि नॅव्हिगेटर मंडळी काय सोसतात ते मला समजलं.

"मामा, उजवीकडे बैल आहे."

"दिसून राह्यला मले."

"मामा, तो क्लच सोडा."

"सोडला."

सोडलेला नव्हता. जळका वास येत होता. संचालक पुढे चालत होते आणि मागे वळून वळून म्हणत होते, "काय हात हाय साहेबाचा! अजून तसाच!" ढोलताशे वाजत होते. जीप गचके खात बाजारात शिरली. दोन्ही बाजूंना भाजीची दुकानं, जमिनीवर पोती पसरून मांडलेली. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने नमस्कार असं साहेबांचं चाललं होतं. मग डावीकडून कुणीतरी 'साहेब की जय' म्हटलं. साहेब त्या बाजूला वळून बघायला गेले आणि जीपही तिकडे बघायला गेली.

मी हँडब्रेक ओढला. ओढला म्हणजे उपटलाच. जीप एका वांग्याच्या ढिगावर चढून उभी राहिली आणि पुढचं चाक टमाट्याच्या क्रेटमध्ये रुतलं. ढिगामागे बसलेली बाई वेळेवर उठली होती म्हणून वाचली. ढोल थांबले. मग ती बाई बोलायला लागली.

"काऊन हो बुढेबुवा, डोये फुटले काय तुमचे? माणसं बसेल दिसत नाही इथं?"

एक संचालक धावत आला. "मावशे, जरा जपून बोल. साहेब हायत."

"मंग साहेबाले घरी बसव ना! गाडीवर कायले बसवलं?" मग तिने माझ्याकडे बघितलं. गळ्यात हार माझ्याच होता. "अन् तू रे? तू शेजारी बसून काय झोपा काढून राह्यला होता?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट. त्यांना दोघांनी धरून उतरवलं आणि दुसऱ्या गाडीत बसवून नेलं. मी हार काढला, त्या बाईला चांगली वांगी निवडून द्यायला लागलो. तिने माझ्या हातातली दोन परत टाकली, चिरलेली होती म्हणून. शेवटी मी तिचा सगळाच माल विकत घेतला, आणि घरी आम्ही इतके दिवस वांगी खाल्ली की बायकोने ती भाजी नंतर वर्षभर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्याने मला वर्तमानपत्र उघडून दाखवलं. आतल्या पानावर बातमी होती. सत्कार मिरवणुकीत सुप्रसिद्ध रॅलीपटूचा जीपवरील ताबा सुटला, अध्यक्षांच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला. खाली साहेबांचा फोटो. हा मजकूर संस्थेच्या ऑफिसातून गेला होता हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवसापासून कोडं सुटलं. मी का सोडलं ते साऱ्या जिल्ह्याला समजलं. शुगर नाही, मूळव्याध नाही, माणसाला गाडीच चालवता येत नाही. स्टँडवरचे जीपवाले मला बघून गाड्या बाजूला घ्यायला लागले. "या भाऊ, आधी तुम्ही निघून जा." नॅव्हिगेटरचा पुण्याहून फोन आला. कुणीतरी त्याला कात्रण पाठवलं होतं. "तुम्हाला लागलं तर नाही ना?" त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडी सुटका झाल्याची भावनाही. ते मला सगळ्यांत जास्त झोंबलं.

बायको मात्र उठली, पदर खोचला आणि सरळ मामांच्या घरी गेली. मी मागोमाग गेलो, तिला आवरायला म्हणून. खरं तर ऐकायला.

"मामा, गाडी तुम्ही चालवत होते."

"हाव, मीच होतो."

"मंग पेपरात यांचं नाव काऊन?"

साहेब अजिबात ओशाळले नाहीत. त्यांनी तिला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगितलं. "हे पाह्य बाई. जवाईबापूनं गाडी सोडली. आता त्याहिले लोकं काय म्हणते यानं काय फरक पडते? मले तर अजून उभं राह्याचं हाय."

तिने पदर पुन्हा खोचला. मग म्हणाली, "खरं छापून आणा, नाही तर संस्थेच्या सभेत मी उभी राह्यतो अन् सांगतो." ती सभासद आहे. साहेबांना ऐकू आलं.

दोन दिवसांनी खुलासा आला. अपघात चालकाच्या चुकीने नव्हे, तर जीपमधील यांत्रिक बिघाडाने झाला. झालं. आता जीपवाला चिडला. लग्नसराई तोंडावर आणि लोक त्याची गाडी ठरवायला तयार होईनात. तो भांडायला आला तो साहेबांकडे नाही, माझ्याकडे, कारण मी घरी असतो. मी त्याच्या जीपमध्ये बसून तीन-चार वेळा गावातून फेरी मारली, लोकांनी बघावं म्हणून. लोकांनी बघितलं आणि म्हणाले, बिचारा पुन्हा शिकून राह्यला.

साहेब त्या वर्षी बिनविरोध निवडून आले. विरोधात अर्ज भरायला निघालेला एकमेव तरुण वाटेतच त्यांच्या पाया पडायला गेला. सत्काराला मला बोलावणं आलं. बायको म्हणाली जाऊ नका. मी गेलो, कारण सकाळपासून मला दुसरं काही काम नव्हतं.

हारतुरे झाले, लोक जेवायला पांगले. साहेब स्टेजवर एकटेच राहिले होते. मांडीवर हारांचा ढीग. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटलं आता माफीबिफी मागतात. तसलं काही नव्हतं.

"जवाईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "एक विचारू? सोडल्यावर माणूस सकाळी उठून काय करते?"

मी विचार केला. "चहा पितो, मामा."

"अन् मंग?"

"मग स्टँडवर जातो. पेपर बघतो."

"अन् मंग?"

मी काही बोललो नाही. त्यांनी यंत्र दाबून कान माझ्याकडे केला, मी बोललो आणि त्यांना ऐकू आलं नाही असं समजून. मग संस्थेचा सेक्रेटरी आला, म्हणाला, "साहेब, पंगत खोळंबली हाय," आणि साहेब इतक्या घाईने उठले की मांडीवरचे सगळे हार खाली पडले.