खलनायकाला बांगडा नाही

आज मालवणच्या बाजारात ताज्या बांगड्यांचा वास आला आणि बाबा आठवले. निकाल आधीच ठरलेल्या, तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांत ते कायम खलनायक असायचे.

लहानपणी एकदा, जत्रेतल्या कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघं इथेच आलो होतो. मासेवालीने टोपलीवर हात आडवा धरला. "त्या पोराच्या डोळ्यांत माती टाकलंस मां? तुका बांगडो गावचो नाय!"

मी लाजून बाबांच्या पाठीमागे लपले. बाबा मात्र रिकामी पिशवी हलवत, छाती काढून निघाले.

"आयकलंस गो? माझा काम तिका खरा वाटला!"

तेव्हा त्यांचा रागच आला होता. आज बांगडे घेताना मासेवालीला मी आपणहून सांगितलं, "डोळ्यांत माती टाकणाऱ्या पैलवानाचा चेडू मी!"